आकडे वर ठेवणारे दौलतभाऊ

दौलतभाऊ टायर हुंगायचे. नुसते जवळून बघायचे नाहीत, नाक रबराला टेकेल इतके वाकून हुंगायचे. उन्हाळ्यात सकाळचं वरण संध्याकाळी ताटात घेण्याआधी आपण जसं हुंगून पाहतो, अगदी तसं. टायर चांगला असला तर ते काहीच बोलत नसत, उचलून बाजूला ठेवत. नसला तर त्यांचा अख्खा चेहरा नाकाभोवती गोळा व्हायचा. "शिळा हाये," एवढंच म्हणायचे आणि थुंकायला शेडच्या बाहेर जायचे. त्यांना खरोखरच तशी शिसारी येत असे.

माझी त्यांची पहिली भेट एप्रिलातली. मी घाटंजीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि राहते यवतमाळला. जाऊन-येऊन रोजचे ऐंशी किलोमीटर. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मी. आईला अजून सही येत नाही, वडिलांचं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात गेलं. त्यामुळे मी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा आमच्या वस्तीतल्या लोकांनी ती हात लावून पाहिली होती. तिचे टायर तिसऱ्या वर्षीच झिजले. माझ्यासोबतच्या एका सरांची पेट्रोलची गाडी त्याच रस्त्यावर दीडपट चालूनही टायरला काही नव्हतं. मला वाटलं, कंपनीनं फसवलं. म्हणून यवतमाळातल्या सगळ्यात मोठ्या टायरच्या दुकानात गेले. काचेचं दार, एसी, सोफा, आत अत्तराचा फवारा. आणि मागच्या बाजूला टिनाचं शेड, तिथे जळक्या रबराचा वास आणि भट्टीसारखी गरमी. मालक काचेच्या आत, दौलतभाऊ टिनाखाली.

त्यांनी माझ्या टायरच्या दोन्ही कडांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग मधल्या भागावरून फिरवलं. मग मला विचारलं, गाडीतली हवा कोणी कमी केली. मी सांगितलं, मीच. मार्च लागला की आमच्याकडे सगळेच करतात. जीपवाले करतात, काळीपिवळी टॅक्सीवाले करतात, माझ्या मामानं ट्रॅक्टरवर आयुष्यभर केलं. उन्हानं हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून आधीच थोडी सोडून द्यायची. हे मी बऱ्यापैकी अभिमानानं सांगितलं, कारण बायकांना गाडीतलं काही कळत नाही असं समजणारे फार भेटतात.

दौलतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं तेही त्या शिळ्या टायरकडे पाहावं तसंच.

"उन्हाळ्यात मानूस पानी कमी पेते का, मॅडम?"

मग त्यांनी मला खाली बसायला लावलं आणि दाखवलं. हवा कमी झाली की टायर बसतो. बसला की त्याच्या कडा रस्त्याला घासतात आणि बाजूची भिंत दर फेऱ्याला दुमडते. दुमडून दुमडून तापते. वर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, खाली डांबर, आणि आत ही दुमडण्याची आग. फुटतो तो यानं. माझ्या टायरच्या दोन्ही कडा खलास होत्या आणि मधे नक्षी शाबूत होती. हवा फुगते त्याची सोय गाडी बनवणाऱ्यानं आधीच केलेली असते, दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो, सकाळी गाडी थंड असताना तेवढी भरायची, बस.

घर्षणानं उष्णता निर्माण होते, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला शिकवते. दोन्ही तळहात घासून गालाला लावायला सांगते. पोरं हसतात. आणि मी स्वतः तीन उन्हाळे घाटंजीच्या रस्त्यावर माझ्याच टायरचे तळहात घासत होते. मला त्या दिवशी स्वतःच्या डिग्रीची इतकी चीड आली की मी मालकाच्या सोफ्यावर जाऊन बसलेच नाही, शेडमध्येच उभी राहिले. ते दौलतभाऊंना आवडलं असावं. त्यांनी एक जुना टायर आडवा टाकला, त्यावर पोतं टाकलं आणि मला बसायला दिलं. नंतर मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा तिथेच बसले.

माणूस किडकिडीत, साठीला आलेला, मनगटं मात्र पैलवानासारखी. मूळचे फुलसावंगीचे. शाळा चौथीपर्यंत. ट्रकच्या मागे क्लीनर म्हणून निघाले आणि ड्रायव्हर लोकांकडून टायरच्या भिंतीवरची अक्षरं शिकले. इंग्रजी पाटी त्यांना वाचता येत नव्हती, पण टायरवर लिहिलेलं एकही अक्षर त्यांच्यापासून लपत नसे. त्या दुकानात ते सव्वीस वर्षं होते. आताच्या मालकाच्या वडिलांनी त्यांना ठेवलं होतं आणि शेडच्या मागे एक खोली दिली होती. त्या खोलीत ते आणि सिंधूताई, त्यांची बायको, राहत. सिंधूताई दुकानाचा चहा करायच्या. पोरगी लग्न होऊन गेलेली. दुसरीकडे कुठे घर नव्हतं, जागा नव्हती. गावी भावाचं होतं, पण भावाच्या दारात म्हातारपणी जाऊन पडायचं नाही, असं सिंधूताई चहा देता देता मला दोनदा म्हणाल्या होत्या. म्हणजे ही नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर गेलं, हे मला माहीत होतं. नंतर मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

टायर कसा निवडायचा हे मला मालकानं नाही, दौलतभाऊंनी शिकवलं. मालक फक्त साइज बोलायचा. साइज तीच आहे मॅडमजी, डिझाइन बघा, स्पोर्टी लूक आहे. दौलतभाऊंना त्या शब्दाचा फार तिटकारा. टायर काय लग्नात घालायचा आहे का, असं ते मालक आत गेला की पुटपुटायचे. त्यांचं म्हणणं असं, की बिजलीची गाडी दिसते लहान, पण बॅटरी धरून तिचं वजन गाभण म्हशीएवढं. आणि पाय ठेवला की ती झेप घेते. पेट्रोलची गाडी आधी कुंथते, मग पळते. ही कुंथत नाही. ती सगळी झेप रबरातून जाते, म्हणून रबर लवकर झिजते. कंपनीनं फसवलं वगैरे काही नाही. तेव्हा साइजच्या पुढचा बारका आकडा पाहायचा, तो वजनाचा. जुन्यावर जेवढा असेल त्यापेक्षा एकानंही कमी नको. मालकानं मला पहिल्या दिवशी जो टायर दाखवला होता त्याची साइज तीच होती आणि हा आकडा चारनं कमी होता. मला तो दिसलाही नव्हता.

"सारी गाडी चार तळहाताएवढ्या जागेवर उभी राह्यते," ते म्हणायचे. "लोक तिथं कंजुषी करते अन् सीटकव्हर भारीतलं घेते. बुड खुश पाह्यजे, बाकी मेलं तरी चालते."

उष्णतेसाठी वेगळं अक्षर असतं, टेम्परेचर या शब्दापुढचं. आमच्या भागात त्यापुढे 'ए'च हवा, बाकी अक्षरं थंड गावच्या लोकांनी घ्यावीत. कमी आवाजाचा टायर घ्यावा, कारण या गाडीला इंजिनचा आवाज नसतो आणि टायरच तेवढा कानात घोंघावतो. बॅटरी वाचवणारा घ्यावा, पण तो इतकाही कडक नसावा की पावसाळ्यात ब्रेक मारल्यावर गाडी घसरत जाईल. आणि सगळ्यात शेवटी ते चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. टायर कधी जन्मला ते त्यात असतं. टिनाच्या गोदामात तीन उन्हाळे काढलेला टायर न वापरताच म्हातारा होतो. वरून काळं पॉलिश मारलं की चकाकतो. त्या पॉलिशच्या डब्याला दौलतभाऊ हात लावत नसत. ते काम मालक दुसऱ्याकडून करून घ्यायचा.

आता त्यांच्या खऱ्या कामाबद्दल सांगते. मालक शिळा माल विकतो हे त्यांना माहीत होतं, आणि मालकासमोर बोललं तर काय होईल हेही माहीत होतं. म्हणून त्यांनी आपली एक रीत पाडली होती. गोदामातून टायर गडगडत आणायचा आणि गिऱ्हाइकासमोर असा थांबवायचा की ते चार आकडे बरोबर वर यावेत, नजरेसमोर. पायानं टेकण द्यायचं, आकड्यांवर फडकं मारायचं, आणि पाणी प्यायला निघून जायचं. ज्याला कळलं त्याला कळलं. टायर ताजा असला तर आकडे कुठेही का येईनात, ते पाहतही नसत. काही काळीपिवळीवाल्यांना ही खूण ठाऊक होती. आकडे वर दिसले की ते म्हणायचे, राहू द्या मालक, पुढच्या महिन्यात बघू. मालकाला वाटायचं, गिऱ्हाईक कंजूष आहे. दौलतभाऊ रांजणापाशी उभे राहून पाणी पीत असायचे.

ही खूण त्यांनी मला स्वतः सांगितली. मालक जेवायला गेला होता. मी विचारलं की तुम्ही टायर नेहमी तसाच का थांबवता. बाई शिक्षिका आहे, चौकस आहे, याचं त्यांना कौतुक वाटलं आणि त्यांनी सांगून टाकलं. हे कोणाला सांगू नका, असं मात्र ते मला म्हणाले नाहीत. शिकलेल्या माणसाला तेवढंही सांगावं लागतं, असं त्यांना वाटलं नसावं.

मी मालकाकडे वजनाच्या बरोबर आकड्याचा टायर मागितला. तो म्हणाला, रविवारी या, फ्रेश माल मागवून ठेवतो. रविवारी दुकानात गर्दी होती. सोफ्यावर एक कुटुंब बसलं होतं, आणखी दोघेजण काउंटरशी. मालकानं चार टायर बाहेर आणायला सांगितले. वजनाचा आकडा बरोबर, अक्षर 'ए', आणि वरून असं पॉलिश की तोंड दिसेल. दौलतभाऊंनी पहिला टायर गडगडत माझ्यासमोर आणला, थांबवला, पाय लावला, फडकं मारलं आणि रांजणाकडे गेले. मी वाचलं. तीन उन्हाळे जुना.

मला एवढंच म्हणायचं होतं की राहू द्या. काळीपिवळीवाले म्हणतात तसं. एक शब्द पुरला असता.

पण माझ्या अंगात तेव्हा बी.एस्सी. बी.एड. संचारली. लहानपणापासून दुकानदारांनी आमच्या आईला कुजके कांदे, अर्धं माप आणि वर उपकाराची भाषा दिलेली मी पाहिली आहे. ते सगळं तोंडात आलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात चार आकड्यांचा अर्थ सांगितला, फळ्यासमोर उभी असल्यासारखा. गोदामाचं तापमान सांगितलं. रबर कसं कडक होतं ते सांगितलं. सोफ्यावरचे गृहस्थ उठून स्वतःच्या टायरकडे वाकून पाहू लागले. काउंटरवरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला फार बरं वाटत होतं. आणि मालक हसत म्हणाला, "मॅडमजी, तुम्हाला हे सगळं कोणी शिकवलं? आपल्या लाइनमधल्या लोकांनाही माहीत नसतं."

"तुमच्याच दौलतभाऊंनी," मी म्हणाले. "तुमच्या दुकानात खरं बोलणारा एकच माणूस आहे, त्याला जपा."

मला वाटत होतं, मी त्यांचा सन्मान करते आहे.

मालक आणखी गोड हसला. बरं झालं सांगितलंत, म्हणाला. माझ्यासाठी चहा मागवला. खरोखरच नवे टायर नागपूरहून आणून देतो म्हणाला आणि चार दिवसांत दिलेही. जेमतेम पाच आठवड्यांपूर्वीचे. दौलतभाऊंनीच ते बसवले. नेहमी कुरकुरणारा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. नट आवळले, हवा भरली, दाराच्या चौकटीवरचा आकडा मला दाखवला आणि हात पुसत मागे गेला. सिंधूताई चहा घेऊन आल्या नाहीत. मी निघाले तेव्हा मनात आलं, उन्हानं थकले असतील. असलं काही सोयीचं मला पटकन सुचतं.

पंधरा दिवसांनी नट पुन्हा आवळून घ्यायला गेले तर शेडमध्ये दुसराच माणूस. मागच्या खोलीला कुलूप, आणि दारापाशी पॉलिशचे डबे रचून ठेवलेले. खोलीचं गोदाम झालं होतं. मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, म्हातारे झाले होते हो, हात कापायचे, गिऱ्हाइकाच्या गाडीचं काही झालं तर जबाबदारी कोणाची? त्यांच्याच काळजीनं सोडलं. हे तो अगदी मऊ आवाजात बोलला. आतला अत्तराचा वास आणि तो आवाज, दोन्ही एकाच बाटलीतलं. हात कापतात म्हणे. पंधरा दिवसांपूर्वी त्याच हातांनी माझ्या गाडीचे वीस नट आवळले होते.

नव्या माणसानं एका जीपवाल्यासाठी टायर आणला. कसाही आणला, कसाही टाकला. जीपवाल्यानं वाकून पाहिलं, आकडे खाली गेलेले. टायर चकाकत होता. चढवा, म्हणाला.

मे महिन्यात, शाळेला सुट्ट्या लागल्यावर, मी फुलसावंगीला गेले. आर्णी, महागाव करत, भर उन्हाची. सकाळी निघायची अक्कल होती, पण मन धजत नव्हतं, म्हणून उशीर झाला. दौलतभाऊ भावाच्या ओसरीबाहेर बैलगाडीच्या टायरचं पंक्चर काढत बसले होते. मला पाहून उठले नाहीत. पण गाडीपाशी आले, चारही टायरवर एकेक करून तळहात ठेवला, आणि बरोबर हवा ठेवता म्हणाले. सिंधूताईंनी पाणी दिलं आणि आत गेल्या. आतून भावाच्या बायकोचा आवाज येत होता, भांड्यांवरून काहीतरी. सिंधूताईंचा आवाज येत नव्हता.

मी घडाघडा बोलले. माझी चूक झाली. मी ग्राहक मंचात तक्रार करते, त्या रविवारी काढलेले टायरचे फोटो आहेत, तुम्ही फक्त साक्ष द्या, मालकाला सोडत नाही. ते पंक्चरचा तुकडा घासत ऐकत होते. साक्षीला त्यांनी नाही म्हटलं. का, तर दुकानात अजून चारजण कामाला आहेत, त्यांची चूल बंद पाडायची नाही. मग मी म्हणाले, पण मी खोटं तर बोलले नव्हते ना, भाऊ.

त्यांनी कानस खाली ठेवली. चेहरा तोच केला, नाकाभोवती गोळा झालेला. मला वाटलं आता थुंकतील.

"खोटं कायले बोलान तुमी? खरंच बोलल्या. अन् मले मोठं करून राह्यल्या होत्या, तेही दिसलं मले. पन मॅडम, तुमी खरं बोलल्या अन् गाडीत बसून घरी गेल्या. मी तिथंच राहत होतो."

मग ते म्हणाले, "छब्बीस वर्सं म्या तोंडानं एकबी टायर अडवला नाई. आता कोन अडवते ते सांगा." ते मला उत्तर विचारत नव्हते. कानस उचलून पुन्हा रबर घासू लागले. जेवून जा असं मला कोणी म्हटलं नाही, आणि आमच्या भागात दारी आलेल्या माणसाला असं न म्हणणं म्हणजे काय हे मला कळतं.

त्यानंतर मी तक्रार केली. साक्षीदाराशिवाय, नुसत्या फोटोंवर. मालकाच्या वकिलानं सांगितलं की मॅडमना तर ताजेच टायर दिले आहेत, मग त्यांचं नुकसान काय झालं? ते बरोबरच होतं. माझी तक्रार फेटाळली गेली. दुकानावर आता नवी पाटी आहे, आधीपेक्षा मोठी. मी शाळा सुटल्यावर मुलांना टायरवरचे आकडे वाचायला शिकवते, त्यांच्या बापांच्या मोटारसायकली तपासायला लावते. काही बाप चिडतात. त्यानं दौलतभाऊंची खोली परत मिळत नाही.

त्यांना मी नंतर दोनदा फोन केला. एकदा सिंधूताईंनी उचलला आणि ते वावरात गेलेत म्हणाल्या. दुसऱ्यांदा कोणी उचलला नाही.

टायर उत्तम निघाले. दोन उन्हाळे झाले, कुठे चीर नाही, फुगवटा नाही, कडा आणि मधला भाग सारखा झिजतो आहे. घाटंजीच्या रस्त्यावर आवाजसुद्धा येत नाही. त्या रविवारी मी बोलले त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि माझं काहीएक बिघडलं नाही. हेच माझ्या घशाखाली उतरत नाही.